देशी शोभिवंत वेलींचं टिश्यू कल्चर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिश्यू कल्चर म्हणजे वनस्पतीचा छोटासा तुकडा निर्जंतुक बाटलीत वाढवून त्यापासून रोपं करणं. ही प्रश्नोत्तरं रोपवाटिका चालवणाऱ्यांसाठी, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि आपल्या बागेत सह्याद्रीतल्या वेली वाढाव्यात असं वाटणाऱ्या सगळ्यांसाठी आहेत. दिलेली प्रमाणं सुरुवात करण्यापुरती धरावीत. प्रत्येक वेलीचा स्वभाव निराळा असतो, त्यामुळे ती त्या-त्या वेलीवर अजमावूनच पक्की करायची असतात.

देशी शोभिवंत वेली म्हणजे नेमक्या कोणत्या?

बागेत आज दिसणाऱ्या बऱ्याच वेली बाहेरून आलेल्या आहेत. बोगनवेल, संक्रांतवेल आणि अ‍ॅलामांडा दक्षिण अमेरिकेतल्या, आइसक्रीम वेल मेक्सिकोची, तर मनी प्लांट पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचा. त्यांच्याशी वैर नाही. पण आपल्या रानातल्या वेली त्यांच्याहून कुठेही कमी नाहीत. ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी, पांढऱ्या-पिवळ्या सुवासिक तुऱ्यांची माधवीलता, पांढरी फुलं आणि मग पिसांसारखी फळं मिरवणारी मोरवेल, हिरवट फुलांचे झुबके धरणारी हरणदोडी, रानातली कुसर, उक्षी, मालकांगोणी, सापसंद आणि कंदीलपुष्पांचा अख्खा गोतावळा या सगळ्या देशी वेलीच आहेत.

शोभेखेरीज यांचं आणखी एक मोल आहे. हरणदोडीच्या पानांवर ब्लू टायगर फुलपाखराच्या अळ्या वाढतात. सापसंदावर कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ ही फुलपाखरं अंडी घालतात. या वेली कुंपणावर असल्या की फुलपाखरं मधासाठी टेकून निघून जात नाहीत, तिथेच पिढ्या वाढवतात.

बिया आणि छाट कलमं असताना टिश्यू कल्चर कशाला?

पुष्कळ वेलींसाठी त्याची काहीच गरज नसते, आणि हे आधीच स्पष्ट सांगायला हवं. गोकर्ण बियांपासून सहज येते. गुंजेची बी कडक असते, पण कवच किंचित घासून रात्रभर पाण्यात ठेवली की उगवते. गुळवेलीचा तुकडा तर जमिनीत खोचला तरी फुटतो. कुसरीला दाब कलम चालतं. अशा वेली बाटलीत वाढवणं म्हणजे वीज, वेळ आणि मेहनत विनाकारण घालवणं.

टिश्यू कल्चर कामाला येतं ते जिथे हे मार्ग अडतात तिथे. जसं की बी धरतच नाही, किंवा धरलेली बी महिनोन्‌महिने सुप्त राहते. कंदापासून वर्षाला एखाद-दुसरंच नवं रोप मिळतं. जंगलात इतकी थोडी रोपं उरलेली असतात की त्यांची फांदीसुद्धा तोडू नये. एखाद्या रोपाचा फुलाचा रंग किंवा बहर खास असतो आणि तो तसाच टिकवायचा असतो, कारण बियांपासून केलेल्या रोपांत तो विस्कटतो. यांपैकी एकही कारण नसेल तर छाट कलमच करा.

बाटलीत नेमकं घडतं काय?

वनस्पतीच्या एका पेशीतही पूर्ण झाड घडवण्याची क्षमता असते. ही कल्पना ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडली. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या ऊतींवर दाखवून दिलं की ऑक्झिन आणि सायटोकायनिन या दोन प्रकारच्या संप्रेरकांच्या परस्पर प्रमाणावर मुळं येणार की कोंब येणार हे ठरतं. आजही प्रयोगशाळेतलं रोजचं काम याच तत्त्वावर चालतं.

व्यवहारात असं होतं. वेलीचं डोळ्यासह एक पेर कापतात, त्यावरचे जंतू मारतात आणि ते बाटलीत अन्नद्रव्यांच्या जेलीत, म्हणजे माध्यमात, ठेवतात. सायटोकायनिनमुळे डोळा फुटतो आणि एकाच्या जागी कोंबांचा झुबका येतो. तो झुबका सुटा करून नव्या बाटल्यांत लावतात, यालाच सबकल्चर म्हणतात. पुरेसे कोंब झाले की त्यांना ऑक्झिनच्या माध्यमात मुळं फोडतात आणि शेवटी बाटलीतून मातीत आणतात. या शेवटच्या टप्प्याला हार्डनिंग म्हणतात. सगळ्यांत जास्त रोपं दगावतात ती इथेच.

म्हणजे ही रोपं जनुकीय बदल केलेली असतात का?

नाही. टिश्यू कल्चरमध्ये बाहेरचं कोणतंही जनुक आत घातलं जात नाही. एका अर्थाने हे अतिशय लहान आकाराचं छाट कलमच आहे.

कोणता भाग घ्यावा आणि कधी?

वेलींच्या बाबतीत पेर हाच सर्वांत भरवशाचा भाग. वेल लांबच लांब वाढते, पेरांमधलं अंतर मोठं असतं आणि जवळजवळ प्रत्येक पेराच्या बगलेत एक डोळा असतो. त्यामुळे एका निरोगी फांदीतून बरेच तुकडे निघतात. शेंड्याची दोन-तीन पेरं फार कोवळी असतात, जंतुनाशकात ती होरपळतात. बुंध्याकडची लाकडी झालेली असतात आणि त्यांच्या सालीच्या भेगांत बुरशी दडलेली असते. मधली, अजून हिरवी पण घट्ट झालेली पेरं घ्यावीत.

वेळेचं महत्त्व लोक कमी लेखतात. भर पावसात कापलेल्या फांद्यांवर जंतूंचा भार इतका असतो की बहुतेक बाटल्या आठवड्यात खराब होतात. उपाय असा की आईझाड कुंडीत, छताखाली आणावं, दोन-तीन आठवडे पानांवर पाणी न मारता फक्त बुंध्याशी द्यावं, एकदा बुरशीनाशक फवारावं आणि मग जी नवी फूट येईल तिचीच पेरं घ्यावीत. एवढ्या तयारीने जो फरक पडतो तो नंतर कोणत्याही रसायनाने पडत नाही.

निर्जंतुकीकरण कसं करावं?

पानं काढून, देठाचा छोटासा खुंट ठेवून पेरं वाहत्या नळाखाली अर्धा तास धरावीत. मग साबणाचे दोन-चार थेंब घातलेल्या पाण्यात हलवून धुवावीत. पुढे कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाच्या ०.१ टक्का द्रावणात दहा-पंधरा मिनिटं. यापुढचं सगळं लॅमिनार फ्लोमध्ये, म्हणजे गाळलेली स्वच्छ हवा वाहणाऱ्या कपाटात : ७० टक्के अल्कोहोल अर्धा मिनिट, मग सोडियम हायपोक्लोराइट (साधारण १ टक्का उपलब्ध क्लोरीन) आठ-दहा मिनिटं, आणि निर्जंतुक पाण्याने निदान चार वेळा धुणं. शेवटी दोन्ही टोकांचा पांढरा पडलेला भाग कापून टाकायचा.

बऱ्याच प्रयोगशाळांत अजूनही ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइड वापरतात. ते प्रभावी आहे यात वाद नाही, पण ते पाऱ्याचं जहाल विष आहे आणि उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतता येत नाही. ते नीट गोळा करून घातक कचरा म्हणून द्यायची सोय नसेल तर त्याला हातही लावू नये. हायपोक्लोराइटने जमत नसेल तर आईझाडाची तयारी सुधारावी, विष वाढवू नये.

माध्यम कोणतं घ्यावं?

सुरुवात मुराशिगे-स्कूग माध्यमाने करावी. १९६२ मध्ये तंबाखूसाठी बसवलेलं हे सूत्र सगळे एमएस म्हणून ओळखतात आणि बहुतेक मऊ खोडाच्या वेलींना ते चालतं. लिटरला ३० ग्रॅम साखर, ७ ते ८ ग्रॅम अगार (जेली गोठवणारी पूड), सामू (पीएच) ५.७ ते ५.८. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंश सेल्सिअसला, १५ पौंड दाबावर १५ ते २० मिनिटं. माधवीलता किंवा मालकांगोणीसारख्या लाकडी वेलींची पानं एमएसवर पिवळी पडू लागली तर वुडी प्लांट मीडियम करून पाहावं. त्यात क्षार कमी असतात.

सामूकडे नीट लक्ष द्या. ऑटोक्लेव्हमध्ये तो थोडा खाली घसरतो, आणि मुळातच कमी ठेवला असेल तर अगार नीट गोठत नाही. मग पेरं पातळ जेलीत बुडतात आणि आपण दोष संप्रेरकाला देत बसतो.

संप्रेरक किती घालावं?

फुटव्यांसाठी बीएपी हे सायटोकायनिन सर्वाधिक वापरलं जातं. पहिल्या खेपेला एकच प्रमाण लावू नका. शून्य, ०.५, १, २ आणि ४ मिलिग्रॅम प्रति लिटर अशी ओळ लावा आणि प्रत्येक प्रमाणाला पुरेशा बाटल्या ठेवा. शून्याची बाटली वगळू नका, कारण तिच्याशी ताडूनच बाकीच्यांचा अर्थ लागतो. बहुतेक वेलींचं उत्तर ०.५ ते २ च्या दरम्यान सापडतं.

जास्त घातलं की जास्त कोंब, असा हिशोब मनात येतो आणि तो फसवा आहे. जास्त सायटोकायनिनने कोंबांची संख्या वाढते खरी, पण ते बुटके, एकमेकांना चिकटलेले राहतात, त्यांना मुळं फुटत नाहीत आणि ते मातीत तग धरत नाहीत. थायडिआझ्युरॉन म्हणजे टीडीझेड हे सायटोकायनिनसारखं काम करणारं रसायन लाकडी वेलींवर अगदी थोड्या मात्रेतही जोरदार चालतं, म्हणूनच ते एखाद-दुसऱ्या फेरीपुरतं वापरून पुन्हा साध्या माध्यमावर यावं. चार लांब, सरळ, हिरवेगार कोंब हे वीस खुरट्या कोंबांपेक्षा केव्हाही बरे.

पेरं आणि माध्यम तपकिरी-काळं का पडतं?

कापलेल्या जागेतून फिनॉल नावाची वेलीतलीच रसायनं झिरपतात, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून काळवंडतात आणि पेराचं नुकसान करतात. लाकडी वेलींत हा त्रास ठरलेलाच. कापल्याबरोबर पेरं अ‍ॅस्कॉर्बिक आणि सायट्रिक आम्लाच्या थंड द्रावणात टाकावीत, पहिला आठवडा अंधारात ठेवावीत आणि माध्यम काळं दिसताच दोन-तीन दिवसांत नव्या बाटलीत हलवावीत. लिटरला एक-दोन ग्रॅम सक्रिय कोळसाही चालतो, मात्र तो फिनॉलबरोबर संप्रेरकंही शोषून घेतो हे लक्षात ठेवावं.

कंदीलपुष्प, हरणदोडी यांना चीक असतो. तो पेराच्या तोंडाशी साकळला तर अन्न वर चढत नाही. या वेलींची पेरं पाण्याखालीच कापावीत आणि चीक थांबेपर्यंत धुवावीत.

दोन महिने स्वच्छ असलेल्या बाटल्या अचानक खराब का होतात?

बुरशी आली तर लपत नाही. तीन-चार दिवसांत तिचा कापूस दिसतो. जिवाणू मात्र दबा धरून बसतात. बाटली उजेडाकडे तिरपी धरून पेराच्या बुडाशी पाहा. जेलीत, अगदी खोडाला लागून, दुधट धुरकट कडं दिसतं का? सुरुवातीला ते इतकं अंधुक असतं की वरून पाहणाऱ्याला कळतच नाही. हे जिवाणू वेलीच्या ऊतींच्या आत राहणारे असतात, त्यामुळे बाहेरून केलेलं निर्जंतुकीकरण त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आणि त्या कोंबांवर चाललेली सुरी पुढच्या बाटलीत गेली की लागण सगळीकडे पसरते.

म्हणून प्रत्येक सबकल्चरच्या आधी प्रत्येक बाटलीचं बूड तपासणं हा नियम ठेवावा. शंका आली ती बाटली उघडायचीच नाही, तशीच ऑटोक्लेव्ह करून टाकायची. प्रतिजैविकं घालून वाचवण्याचा मोह होतो. ती बहुधा जिवाणूंना मारत नाहीत, दाबून ठेवतात, आणि हार्डनिंगमध्ये सगळं पुन्हा वर येतं.

कोंब काचेसारखे पारदर्शक आणि ठिसूळ होतात, तेव्हा काय करावं?

ऊतींत पाणी जास्त साठल्याची ही खूण. सायटोकायनिन कमी करावं, अगार लिटरला एखादा ग्रॅम वाढवावा आणि बाटलीचं झाकण हवा खेळेल असं निवडावं. असे कोंब मातीत नेऊ नयेत, जगत नाहीत. आधी बाटलीतच सुधारून घ्यावेत.

वेली बाटलीत एकमेकींना गुंडाळून घेतात. हे थांबवता येतं का?

वेढे घेणं हा वेलीचा जन्मजात गुण आहे, तो बाटलीतही जात नाही. कोंब पाच-सहा सेंटिमीटर झाले की एकमेकांभोवती पीळ घालू लागतात, आणि उशीर केला तर सोडवताना देठ तुटतात. इतर झाडांना चार आठवड्यांची फेरी चालते, वेगाने वाढणाऱ्या वेलीला ती तीन आठवड्यांवर आणावी लागते. मग झुबका सोडवत बसण्यापेक्षा एकेक पेर कापून नव्या बाटलीत उभं लावावं. पेर उलटं लागू नये म्हणून कापतानाच खालचं टोक तिरपं छाटायची सवय ठेवावी.

कळलावीसाठी काही वेगळं करावं लागतं का?

हो, बरंच. कळलावी उभ्या भारतात ओळखीची, तमिळनाडूचं तर ती राज्यफूल आहे. पानांच्या टोकांनी आधार धरून ती वर चढते. पावसाळा सरला की वरचा सगळा भाग वाळतो आणि जमिनीत कंद झोपी जातो. हा कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुबेळका असतो, आणि वाढीचा डोळा फक्त टोकांवर. खणताना टोक मोडलं की तो कंद वाया गेला, बटाट्यासारखा दुसरीकडून फुटत नाही. बियांचंही कवच कडक, त्या महिनोन्‌महिने सुप्त राहतात आणि बियांपासून फूल यायला तीन-चार वर्षं लागतात. शिवाय औषधासाठी जंगलातून कंद आणि बिया सर्रास उचलल्या जातात. टिश्यू कल्चर जिच्यासाठी खरोखर करावं अशी ही वेल आहे.

कंद जमिनीत असल्यामुळे त्याच्या डोळ्यांवर मातीतले जंतू भरपूर असतात. म्हणून कंद ओल्या निर्जंतुक कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) फुटू द्यावेत आणि बाहेर आलेल्या कोवळ्या कोंबाचा शेंडा किंवा पेरं घ्यावीत. झोपेत असलेल्या कंदावर काम सुरू केलं तर तो कोणत्याही संप्रेरकाला दाद देत नाही, पहिल्या पावसाच्या आसपासचा काळ योग्य. साखर वाढवली तर बाटलीतच छोटे कंद तयार होतात आणि ते हिरव्या कोंबांपेक्षा मातीत लवकर रुळतात.

सावधगिरी : कळलावीच्या सगळ्या भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे घातक विष असतं. हातमोजे घालावेत, कंद घरात उघडे ठेवू नयेत, आणि लहान मुलं किंवा गुरं फिरतात तिथे ही वेल लावू नये.

आणि कंदीलपुष्प?

कंदीलपुष्प म्हणजे सेरोपेजिया. भारतात याच्या पन्नासहून अधिक जाती आढळतात आणि त्यांतल्या कितीतरी फक्त इथेच, काही तर सह्याद्रीतल्या मोजक्या डोंगरांवरच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या जाती शोधण्याचं आणि बागेत जपण्याचं मोठं काम झालं आहे. यांतल्या काही जाती सरळ उभ्या वाढतात, पण बऱ्याच नाजूक वेली आहेत.

फूल एकदा जवळून पाहावं. तळाशी फुगीर, मध्ये अरुंद नळी आणि वर पाच पाकळ्या टोकाला जुळून केलेला पिंजरा. बारीक माशी वासाने आत शिरते आणि नळीतल्या खाली वळलेल्या केसांमुळे तिला वर येता येत नाही. काही काळाने केस कोमेजतात, फूल झुकतं आणि माशी अंगाला परागपिंड (परागकणांचे गोळे) चिकटवून सुटते. तिने तसंच दुसऱ्या रोपाचं फूल गाठलं तरच शेंग धरते. रोपं विरळ झाली की हा दुवाच तुटतो. त्यात कंद खाण्यासाठी खणले जातात आणि गुरं वेली चरतात.

बाटलीत मात्र हे गट समजूतदार आहेत. एमएस माध्यमात बीएपीवर पेरं चांगली फुटतात, साखर वाढवली की छोटे कंद येतात आणि काही जातींना बाटलीतच फुलं आल्याचं नोंदलं गेलं आहे. शेंग मिळाली तर ती पिकून फुटण्याआधीच, हिरवी असताना काढावी. बाहेरून निर्जंतुक करून लॅमिनारमध्ये उघडली की आतल्या बिया स्वच्छ मिळतात, आणि दुर्मीळ जातीसाठी सुरुवात अशा बियांपासून करणं सर्वांत चांगलं. याचं कारण शेवटच्या प्रश्नात येईल.

एका पेरापासून किती रोपं होतात?

कागदावर हिशोब दिपवणारा आहे. दर चार आठवड्यांनी एकाचे तीन धरले तर दहा फेऱ्यांत ५९,०४९. प्रत्यक्षात लागण, काचाळलेले कोंब, मुळं न फुटणं आणि हार्डनिंगमधली मर यांत आकडा खूप खाली येतो. कोणी लाखाच्या गोष्टी केल्या तर मातीत जगलेली रोपं किती, एवढंच विचारावं.

सगळी रोपं हुबेहूब आईसारखी असतात का?

डोळ्यापासून थेट कोंब घेतले तर बहुतांशी हो. आधी कॅलस, म्हणजे पेशींचा बेढब गोळा, करून त्यातून कोंब काढले तर फरक पडण्याची शक्यता वाढते. जास्त संप्रेरक आणि वर्षानुवर्षं चाललेली सबकल्चर यांनीही ती वाढते. त्यामुळे पेराचाच मार्ग धरावा, आठ-दहा फेऱ्यांनंतर आईझाडापासून नवी सुरुवात करावी, आणि पानाचा आकार किंवा रंग बदललेला दिसला तर ती बाटली त्याच दिवशी बाजूला काढावी.

टिश्यू कल्चरची रोपं रोगमुक्तच असतात ना?

बुरशी आणि बहुतेक जिवाणू यांपासून मुक्त, असं म्हणता येईल. विषाणूंपासून मुक्त असतीलच असं नाही. आईझाडात विषाणू असेल तर तो पेरातून प्रत्येक रोपात उतरतो. तो घालवायचा तर शेंड्याच्या टोकावरचा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान वर्धी भाग सूक्ष्मदर्शकाखाली कापून वाढवावा लागतो, आणि त्यानंतरही तपासणी लागते. निरोगी आईझाड निवडणं त्यापेक्षा कितीतरी सोपं.

मुळं कशी आणावीत?

तीन-चार सेंटिमीटरचे सुटे कोंब अर्ध्या ताकदीच्या एमएसवर, लिटरला ०.५ ते १ मिलिग्रॅम आयबीए हे ऑक्झिन घालून लावावेत. दोन ते चार आठवड्यांत मुळं दिसतात. मऊ खोडाच्या वेलींना कधी संप्रेरकाचीही गरज पडत नाही. काही वेलींचे कोंब बुडाला आयबीए लावून थेट ओल्या कोकोपीटमध्ये लावले तरी मुळं धरतात, आणि ती बाटलीतल्या मुळांपेक्षा दणकट असतात. जमत असेल तर हाच मार्ग घ्यावा, एक आख्खा टप्पा वाचतो.

हार्डनिंगमध्ये रोपं का मरतात?

बाटलीत रोप दमट हवेत, आयत्या साखरेवर वाढलेलं असतं. त्याच्या पानांवर मेणाचा थर नावापुरता असतो. पर्णरंध्रं उघडी राहतात, गरजेला मिटत नाहीत. मुळांना मूलरोम, म्हणजे पाणी शोषणारे बारीक केस, जवळपास नसतात. असं रोप बाहेरच्या हवेत ठेवलं की पानांतून पाणी भराभर उडून जातं, मुळं ते पुरवू शकत नाहीत आणि काही तासांत ते मान टाकतं. पाणी ओतून ते सावरत नाही. आजूबाजूच्या हवेतच ओलावा हवा.

बाटलीतून काढताना रोप ओढू नये. थोडं कोमट पाणी घालून जेली सैल करावी, रोप चिमट्याने बुंध्याशी हलकेच धरून बाहेर घ्यावं आणि मुळांना चिकटलेली जेली मऊ ब्रशने पूर्ण धुवावी. मुळांच्या बेचक्यात राहिलेला तिचा छोटासा कणही साखरेमुळे बुरशीला आमंत्रण देतो. मग बुरशीनाशकाच्या सौम्य द्रावणात बुडवून, ओलं पण पाणी न ठिबकणारं कोकोपीट आणि परलाइट (हलके, सच्छिद्र खनिजकण) यांच्या मिश्रणात लावावं. वरून पारदर्शक झाकण किंवा पिशवी, सावली आणि २५ अंशांच्या आसपास तापमान.

पहिला आठवडा झाकण उघडायचं नाही. दुसऱ्यात रोज सकाळी थोडा वेळ, तिसऱ्यात अर्धा दिवस, चौथ्यात काढूनच टाकायचं. नजर जुन्या पानांवर नको, नव्या पानांवर हवी. बाटलीतली पानं पिवळी पडून गळतात, त्याची चिंता नाही. बाहेरच्या हवेत उमललेलं पहिलं पान आलं की रोप रुळलं समजावं. वेलीला या वेळेपासूनच बारीक काडीचा आधार द्यावा, आधार न मिळालेला शेंडा जमिनीवर लोळून कुजतो. हे सगळं जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सोपं जातं. एप्रिल-मे टाळलेलेच बरे.

फुलं कधी येतात?

मऊ खोडाच्या वेली जागा आणि आधार मिळाल्यावर पुढच्या एक-दोन हंगामांत फुलू लागतात. कंदाच्या वेलींना कंद पुरेसा भरावा लागतो. लाकडी वेलींना जास्त वर्षं लागतात, मात्र फुलणाऱ्या आईझाडाची पेरं घेतली असतील तर बियांच्या रोपांहून लवकर. बाटलीत फूल येणं हे बागेतल्या फुलण्याचं माप नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बाटलीतल्या बांबूला फुलं आल्याचं काम १९९० मध्ये प्रसिद्ध झालं आणि जगभर गाजलं, पण त्याचं मोल संशोधनाचं होतं.

घरी करून पाहता येतं का?

शिकण्यासाठी जरूर. प्रेशर कुकर, चारी बाजूंनी बंद आणि हात घालण्यापुरती भोकं असलेली पारदर्शक पेटी, अचूक वजनकाटा, सामू मोजायच्या पट्ट्या आणि तयार एमएस पावडर एवढ्यावर सुरुवात होते. अल्कोहोल फवारलेल्या बंद पेटीत ज्योत मात्र कधीही पेटवू नका, वाफेचा भडका उडतो. पहिली वेल गोकर्ण घ्या. दुर्मीळ वेलीचं एकमेव रोप शिकण्यासाठी वापरू नका.

जंगलातून वेल आणली तर चालेल का?

उपटून आणणं चालणार नाही. राखीव वनं, अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं इथून परवानगीशिवाय वनस्पती काढता येत नाही. जंगलातल्या वनस्पतीचा व्यापारी वापर करायचा तर जैवविविधता कायदा, २००२ नुसार राज्य जैवविविधता मंडळाकडे आधी रीतसर जावं लागतं. वनस्पतिउद्यानं, विद्यापीठं आणि देशी झाडांच्या रोपवाटिका यांच्याकडे आधी चौकशी करावी. परवानगी असली तरी दोन-चार पेरं पुरतात. मूळ रोप आणि कंद जागेवरच राहिला पाहिजे. टिश्यू कल्चरचा मोठा फायदाच हा आहे, आणि कंद खणून आणला की तो तिथेच संपतो.

ही रोपं पुन्हा जंगलात लावावीत का?

बागेसाठी एकाच आईची हजार रोपं चालतात. जंगलासाठी चालत नाहीत. एका वेलीपासून केलेली सगळी रोपं जनुकीयदृष्ट्या एकच असतात. एकाच रोपाच्या परागाने बी न धरणारी जात असेल तर अशा हजार वेली शेजारी शेजारी फुलतील आणि एकही शेंग धरणार नाही. मालकांगोणीसारख्या वेलीत नर आणि मादी रोपं बहुधा वेगळी असतात, तिथे फक्त मादी वेलीची पेरं वाढवली तर फळ कुठून येणार? आणि एक रोग आला तर सगळ्यांना सारखाच लागेल.

म्हणून पुनर्लागवडीसाठी शक्य तितक्या वेगवेगळ्या रोपांपासून, आणि मिळाल्या तर बियांपासून, सुरुवात करावी. प्रत्येक बी ही नवी सरमिसळ असते. प्रत्येक बाटलीवर आईझाडाचा क्रमांक आणि मूळ ठिकाण लिहावं आणि ती चिठ्ठी हार्डनिंगच्या कुंडीपर्यंत उतरावी. क्रमांक हरवलेलं रोप बागेत लावावं, रानात नको. एका डोंगराची रोपं त्याच डोंगराला द्यावीत, लांबच्या ठिकाणची आणून मिसळू नयेत. लागवड वनविभागाच्या संमतीने, पाऊस स्थिरावल्यावर, आधाराच्या झुडपांशेजारी आणि चराईपासून राखलेल्या जागेत करावी. कंदांच्या वेली पहिल्या हिवाळ्यात वरून दिसेनाशा होतात, तेव्हा जागेची खूण दगडाने आणि जीपीएसनेही करून ठेवावी आणि किती कंद पुन्हा फुटले याची मोजणी पुढच्या पावसाळ्यात करावी.